वडगावच्या मंगाई जत्रेत दीड वर्षाच्या पोरासाठी घेतलेली प्लास्टिकची गाडी सुरक्षित आहे का, घरी कसं तपासायचं?

आधी आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. शिक्क्यासोबतचा सीएम/एल (परवाना) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. जत्रेतल्या मालावर बहुधा शिक्काच नसतो, ही गोष्ट वेगळी.

मजबुतीसाठी आयएस ९८७३ या खेळण्यांच्या भारतीय मानकाचा भाग १ लागू होतो. प्रयोगशाळेत खेळणं ठरावीक उंचीवरून पुन्हापुन्हा आपटतात, चाकं-डोळे पिरगळतात, ओढतात. एवढं करून जे सुटतं ते ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात टाकतात. तुकडा न दाबता, कसाही फिरवून, पूर्ण आत मावला तर तीन वर्षांखालच्या पोरांसाठी खेळणं नापास, कारण तो घशात अडकू शकतो.

घरी चाक धरून नीट जोर लावून ओढा. या गाड्यांची चाकं नुसती दाबून बसवलेली असतात. निघालं की आतली लोखंडी सळई टोकासकट उघडी पडते. तसं झालं तर गाडी सरळ फेकून द्या, फेविक्विकने चिकटवत बसू नका. दिवे लागत असतील तर बॅटरीच्या झाकणाला स्क्रू हवाच. बटण सेल पोटात गेला तर अन्ननलिका भाजते, दोन तासही पुरतात.

चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर शिक्का नसला तर लगेच नकली म्हणू नका. जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीवाल्या कारागिरांना शिक्क्यातून सूट आहे. ओढून मात्र तीही बघा.