क्लिपजवळ निळी, मधे फिक्की

तुमचा प्रश्न वाचला आणि पीएचडीचे दिवस आठवले. व्होल्टेज दिलं की रंगणारी (इलेक्ट्रोक्रोमिक) टंगस्टन ऑक्साइडची फिल्म, काचेला वायर जोडणाऱ्या क्लिपजवळ गडद निळी, मधे जेमतेम छटा, आणि व्होल्टेज उलटं केलं तरी क्लिपजवळचा निळा हटत नाही. हेच ना? फिल्म कशी घातली, सेल कसा जोडला यात शिरत नाही, ते तुम्हाला येतंच. एकच विचारते, काच आयटीओची (इंडियम टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेली) आहे का?

आमच्या मागणीपत्रात स्पष्ट एफटीओ (फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा थर) लिहिलं होतं. खरेदी विभागानं एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचं, म्हणून आयटीओ मागवलं आणि वर ऐकवलं, "दोन्ही कंडक्टिंगच आहेत ना मॅडम?" बदलून मागितलं तर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, मग मार्च एंड, मग नवं बजेट. दोन्ही कंडक्टिंग असतात हो, पण फिल्म भाजायला भट्टीत जाईपर्यंत. 450 अंशांना हवेत तापवलं की आयटीओचा रेझिस्टन्स चांगलाच चढतो. एफटीओ टिकतं. हे त्या टेबलांवर कुणाला समजावणार!

आता तुमच्या डागाकडे. निगेटिव्ह व्होल्टेज दिलं की काचेकडून इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रोलाइटमधून लिथियम आयन, असे दोघं फिल्ममध्ये शिरतात. इलेक्ट्रॉन मिळालेलं टंगस्टन +6 चं +5 होतं. तो इलेक्ट्रॉन शेजारच्या +6 वर उडी मारताना लाल आणि जवळचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला निळं दिसतं. काचेचा रेझिस्टन्स जास्त असेल तर क्लिपपासून लांब जाईतो व्होल्टेज गळतं. मधला भाग उपाशी राहतो. मग आपण काय करतो? व्होल्टेज वाढवतो. मधे थोडा रंग येतो, पण क्लिपजवळ गरजेपेक्षा जास्त लिथियम कोंबलं जातं, त्यातलं काही आत अडकतं आणि उलट्या व्होल्टेजला दाद देत नाही. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे. (बहुधा म्हणतेय, कारण फोटोवरून निदान करणं मला आवडत नाही.)

माझं मत विचाराल तर 450 ला जायचंच कशाला? लिथियमसाठी अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेली) फिल्म चांगली चालते, साधारण 250 अंश पुरतात. एस. के. देब यांनी 1969 मध्ये टंगस्टन ऑक्साइडचा हा रंगबदल मांडला, तेव्हापासून कितीतरी काम व्हॅक्यूममध्ये वाफ करून बसवलेल्या अमॉर्फस फिल्म्सवरच झालंय. गाइडला एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) स्फटिकांचे पीक्सच हवे असतील तर मात्र एफटीओसाठी भांडा, आणि मागणीपत्रात "450 अंशांनंतरही शीट रेझिस्टन्स (थराचा रेझिस्टन्स) अमुकच्या खाली" असं लिहा. नुसत्या नावावर काच मागवू नका, एल-वनवाले नाव वाचत नाहीत.

अडकलेलं लिथियम काढता येतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या ग्रँकविस्ट यांच्या गटानं 2015 मध्ये स्थिर करंटनं ते ओढून फिल्म पुन्हा ताजी करून दाखवली. मी स्वतः केलेलं नाही, आणि एमएस्सी प्रोजेक्टच्या वेळेत नवी फिल्म करणं सोपं.

जाता जाता, इलेक्ट्रोलाइटसाठीचं मीठ लिथियम परक्लोरेट सॉल्व्हंटमध्ये घालून गरम करायचा मोह टाळा, ते जोरदार ऑक्सिडायझर आहे. आणि हे सगळं टंगस्टनपुरतं. निकेल ऑक्साइड उलट वागतं, इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर तपकिरी होतं.

त्याच बॅचची कोरी काच तुमच्या फिल्मसोबत भट्टीत ठेवा, आधी-नंतर मल्टिमीटर लावा आणि दोन्ही आकडे इथे टाका.