वास येतो म्हणजे साफ होतं का?

प्रश्न : ताई, टॉयलेटचे पिवळे डाग निघेनात म्हणून आधी ॲसिडवालं क्लीनर टाकलं आणि त्यावरच ब्लीच ओतलं. नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, रात्रभर खोकला. डाग मात्र गेले. पुढच्या वेळी मास्क लावून केलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार, आणि पुढची वेळ येऊच देऊ नका. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. तिथे निदान मोकळं रान होतं. तुमच्या टॉयलेटला हवा जायला खिडकीची फट तेवढी आहे. साधा मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही.

काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. तो ब्लीचमध्ये मिसळला तर क्लोरामाइन तयार होतं, तेही फुप्फुसांच्या मुळावर येणारं. व्हिनेगर नैसर्गिक असलं तरी आहे ॲसिडच, त्यालाही ब्लीचजवळ जागा नाही. चुकून मिसळलंच तर धुऊन टाकायला वाकू नका. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. सरळ बाहेर या, जाता जाता खिडकी उघडता आली तर उघडा आणि लहान मुलांना आधी लांब न्या. छातीत दडपण आलं, धाप लागली तर डॉक्टरांकडे जा. त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर जाऊ नका.

डागांसाठी एका वेळी एकच क्लीनर वापरा. बाटलीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, भरपूर पाण्याने धुवा. तरी डाग राहिला तर राहू द्या. डाग म्हणजे जंतू नव्हेत, बहुतेकदा पाण्यातले क्षार असतात.

(व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करणाऱ्यांचीही पत्रं येतात. त्याने कुणाला काही होत नाही. पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. फेस बघून समाधान होतं, एवढंच.)

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, रांगायला लागलंय. दिसेल ते तोंडात घालतं. सोफा, गादी, प्लास्टिकची खेळणी, भिंतीचा रंग, सगळ्याबद्दल वाचून झोप उडाली आहे. काय काय टाकून देऊ?

उत्तर : आज काहीच टाकू नका. आधी फरशी ओल्या फडक्याने पुसा.

गंमत नाही करत. सोफ्याच्या फोममध्ये आग रोखण्यासाठी जी रसायनं घालतात, त्यांतली बरीचशी फोमला चिकटलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. वर्षानुवर्षं ती हळूहळू बाहेर पडतात आणि धुळीत बसतात. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली थॅलेट्स नावाची रसायनंही धुळीत बसतात, जुन्या रंगातलं शिसंही तिथेच येतं. घरातल्या धुळीच्या सर्वांत जवळ कोण असतं? हात जमिनीवर टेकवून चालणारं आणि तेच हात चोखणारं बाळ. आग रोखणाऱ्या काही रसायनांचं प्रमाण आईपेक्षा मुलाच्या रक्तात जास्त सापडलं आहे, ते यामुळेच.

म्हणून कोरडा झाडू कमी वापरा, त्याने धूळ उडून परत बसते. फडकं ओलं करा, पिळा, पुसा, पुन्हा धुवा. पलंगाखाली आणि सोफ्याच्या मागे विशेष. बाळाला भरवण्याआधी त्याचे हात साबणाने धुवा. साधा साबण पुरे. जंतुनाशक म्हणून साबणात घातलं जाणारं ट्रायक्लोसान अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावलं, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं.

एका बाबतीत मात्र घाई करा. भिंतीचा किंवा खिडकीच्या चौकटीचा जुना रंग पोपडे धरत असेल तर बाळाचा पाळणा तिथून हलवा. रंग कोरडा घासू नका, सँडपेपर तर लावूच नका, नाहीतर सगळं घर शिशाच्या धुळीने भरेल. शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

प्रश्न : बाळंतविड्याचे कपडे डांबरगोळ्या घालून ठेवलेत. धुऊन वापरले तर?

उत्तर : बाळाच्या कपड्यांच्या कपाटात एकही गोळी नको. नॅफ्थलीन वितळल्याशिवाय थेट हवेत जातं आणि कापडात मुरतं. जी-६-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ वाढते. असं बाळ वरून ओळखू येत नाही. आहेत ते कपडे मोठ्यांच्या फडक्यांसाठी काढा. नवे स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवा. कसर लागते ती मुख्यतः लोकरीला आणि रेशमाला, तीही घामट राहिली तर.

प्रश्न : बाटलीवर ‘बीपीए-मुक्त’ लिहिलंय. निश्चिंत राहू ना?

उत्तर : थोडंसं. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, कडक प्लास्टिक बनवायला वापरलं जाणारं रसायन. ते शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं हे १९३६ मध्येच प्रसिद्ध झालं होतं, तरी त्यापासून प्लास्टिक बनलंच. पुढे ओरड झाली, तेव्हा बिलाच्या थर्मल कागदात त्याच्या जागी बीपीएस आलं. ते त्याचंच भावंड, प्रयोगशाळेत गुणही तसेच दिसले. लेबल काय काढलं ते सांगतं. कंपनीला लिहून विचारा, जागी काय घातलं? आणि गरम किंवा तेलकट असेल ते काचेत नाहीतर स्टीलमध्ये ठेवा.

प्रश्न : ताई, राग मानू नका. लेबलं वाचा, फडकी पिळा, कंपनीला लिहा. हे सगळं शेवटी घरातल्या बाईनेच करायचं. हे आमचं काम आहे का?

उत्तर : राग कसला, हा प्रश्न मी सभांमध्ये कुणी विचारायची वाट बघत असते. नाही, तुमचं नाही. अर्लिन ब्लूम या अमेरिकी रसायनतज्ज्ञ बाई. १९७८ मध्ये हिमालयातल्या अन्नपूर्णा शिखरावर महिलांची मोहीम नेली ती यांनीच. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, त्यांनी ब्रूस एम्स या शास्त्रज्ञासोबत दाखवून दिलं की मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत आग रोखायला घातलेलं ‘ट्रिस’ पेशीतल्या जनुकांत बदल घडवतं. काही महिन्यांतच त्यावर बंदी आली. जागी आलं क्लोरीन असलेलं ट्रिस, तेही तसंच निघालं, तेही कपड्यांतून गेलं. मग अनेक वर्षांनी तेच सोफ्यांच्या फोममध्ये सापडलं. कारण फोम उघड्या ज्योतीपुढे टिकलाच पाहिजे, असा कॅलिफोर्नियाचा १९७५चा नियम होता. कुठल्याही घरातल्या कुठल्याही फडक्याने तो पुसला गेला नसता. २०१३ मध्ये नियमच बदलला, तेव्हा ही रसायनं घालायची गरज संपली. शिसंवालं पेट्रोलही कुणी लेबल वाचून थांबवलं नाही. कायद्यांनी थांबवलं, आणि शेवटच्या देशात ते २०२१ मध्ये बंद झालं.

तोवर फडकं नवऱ्याच्या हातात द्या.

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर काय करायचं, हे बऱ्याच जणांनी विचारलंय; सविस्तर पुढच्या अंकात. आत्ता एवढंच, की झाडूने गोळा करू नका आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नका, पाऱ्याची वाफ घरभर होते. सगळ्यांना खोलीबाहेर काढा, खिडकी उघडा आणि आतलं दार लावून घ्या.