मांसासाठी पाळलेल्या सशांचे प्रथिन

कोकणात नव्याने ससेपालन सुरू करताना आंबोणात, म्हणजे सशांच्या खुराकात, प्रथिन किती असावे, हा प्रश्न तुम्ही आधीच विचारलात हे योग्य झाले. वाढत्या पिल्लांना खाद्याच्या कोरड्या वजनाच्या (त्यातले पाणी वगळून उरणाऱ्या वजनाच्या) सुमारे 16 टक्के, तर दूध पाजणाऱ्या मादीला 17 ते 18 टक्के प्रथिन पुरते. त्याहून जास्त दिल्याने वाढ वेगाने होत नाही; उलट न पचलेले प्रथिन आतड्यात जाऊन जुलाब होतात आणि मूत्रातून अमोनियाचा उग्र वास सुटतो, जो पावसाळ्यातील बंद गोठ्यात सशांच्या श्वासाला फार बाधतो.

हिशेब नेहमी कोरड्या वजनावर करावा, कारण आषाढातल्या हिरव्या गवतात बहुतांश पाणीच असते आणि पोट भरूनही ससा उपाशी राहतो. भाताच्या पेंढ्यात प्रथिन जेमतेम 4 टक्के असते. त्याला शेवग्याच्या पाल्याची जोड द्यावी. वाळवलेल्या पाल्यात ते साधारण 25 टक्के भरते. सुबाभूळ मात्र थोडीच घालावी, कारण तिच्यातील मिमोसिन या विषारी घटकामुळे सशांचे केस गळतात.

सर्वांत जपायचे ते शेंगदाणा पेंडीबाबत. ती प्रथिनाने समृद्ध असली, तरी आपल्या दमट हवेत तिला लवकर बुरशी लागते आणि त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष यकृत निकामी करते. उकळूनही ते विष जात नाही, म्हणून पावसाळ्यात पेंड आठवड्यापुरतीच आणावी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावी आणि कुबट वास येताच टाकून द्यावी.