नळदुर्गचा पाणीमहाल पूल आहे की धरण? असं जुनं दगडी बांधकाम जपायचं कसं?

दोन्ही. बोरी नदी अडवणारा बांध, आणि त्याच्याच माथ्यावरून नळदुर्गातून पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्यात जायची वाट. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली मीर इमादीननं बांधला. बांधाच्या पोटात महाल. पावसाळ्यात नर आणि मादी या बांधावरच्या दोन धबधब्यांतून पाणी कोसळत असतं आणि आपण आत खिडकीशी उभे. सोलापुरात राहून हे न बघणाऱ्यांना मी काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जपायचं कसं, हे विचारून मात्र तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

वडील गवंडी होते. बाळीवेशीतल्या आमच्या घराचं जोतं घडीव दगडाचं, वर विटा, सगळं काम चुन्यातलं. दर चार-पाच वर्षांनी वडील स्वतः बसून दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानं भरायचे. ते गेले आणि पुढच्याच उन्हाळ्यात मेहुणा आला. तो ठेके घेतो. नखानं दर्ज खरवडत म्हणाला, "दाजी, हे भुसभुशीत झालंय की. सिमेंट मारू, परत बघायला नको." मी पण मान डोलावली. दोन दिवसांत जोतं चकाचक.

दुसऱ्या पावसाळ्यात देवघराच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. जमिनीतली जी ओल चुन्याच्या दर्जांतून वाळून जायची, ती सिमेंटनं कोंडली आणि वर विटांत चढली. बायको रोज सकाळी सुपलीभर लाल पूड झाडून काढायची. दर्जा मात्र टणक, छिन्नीलाही दाद देईनात.

म्हणून माझं स्पष्ट मत: चुन्याच्या कामाला सिमेंट लावणाऱ्याला जुन्या बांधकामाच्या आसपासही फिरकू देऊ नये. नळदुर्ग राज्य संरक्षित स्मारक आहे, तिथं पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय खडाही हलवायचा नाही. कुठं सिमेंटचा थर दिसला तर फोटो काढून खात्याला लेखी कळवा. सांध्यात पिंपळ उगवला तर तेही कळवा, पण हौसेनं उपटू नका. मुळाबरोबर चुना येतो, क्वचित दगडही.

अर्थात घराचं जोतं वेगळं आणि नदी पेलणारा बांध वेगळा. तिथं कोणता चुना, कसा, हे जाणकारांनीच ठरवावं.

मेहुणा अजून म्हणतो, सिमेंट चांगलंच होतं, वाळू खारट निघाली. वाळू त्यानंच आणली होती.