१९७१च्या लढाईत फौजीच्या तरुण बायकोचं घरातलं रोजचं आयुष्य कसं असायचं?

माझं लग्न १९७१च्या मे महिन्यात झालं. हे मराठा पलटणीत शिपाई होते आणि आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. त्यामुळं मी सांगते ते तशा एका घरातलं. अधिकाऱ्यांच्या बायका क्वार्टरमध्ये राहायच्या, त्यांचे दिवस वेगळे गेले असतील.

लढाई सुरू झाली म्हणून घरातलं एकही काम कमी झालं नाही. झाडलोट, शेणकूट, विहिरीचं पाणी, भाकऱ्या आणि मग शाळवाचं रान. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं, कारण रेडिओ गावात दोन-तीन घरीच होता. बातम्यांच्या वेळी पुरुष ओट्यावर जमायचे. आम्ही सुना हंडा घेऊन जरा रेंगाळायचो, जेवढं कानावर पडेल तेवढं. मुंबईला परळच्या चाळीत नणंद होती, तिच्याकडं काचांना काळे कागद आणि अंधारात जेवणं. आमच्याकडं मुळात वीजच नव्हती.

खरं आयुष्य पत्राभोवती फिरायचं, आणि ते मला नीट सांगायचं आहे.

ह्यांचं पत्र यायचं ते मामंजींच्या नावानं. ‘तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ अशी सुरुवात. पुढं बैलांची चौकशी, पाऊसपाणी, धाकट्या भावाची शाळा, आईच्या गुडघ्यांची विचारपूस, शेवटी ‘घरातील सर्व मंडळींस नमस्कार’. त्या मंडळींत मी. बायकोला वेगळं पत्र लिहिण्याची तेव्हा आमच्याकडं रीत नव्हती, लिहिलं असतं तर गावभर झालं असतं. पण मी सातवी पास होते आणि मामंजींना अक्षरओळख बेताचीच. म्हणून पत्र वाचायचं काम माझ्याकडं. डोक्यावरचा पदर सावरून, उंबऱ्याच्या आत बसून, नवऱ्याचं पत्र मी सासऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. आवाज कापू द्यायचा नाही. उत्तरही मामंजी सांगायचे आणि मी लिहायची. शब्द सगळे त्यांचे, माझं काहीच नाही. तरी अक्षर माझं होतं, आणि ते अक्षर हे ओळखत होते. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपाची एक चिठ्ठी असायची, दोन ओळींची. पैसे मामंजी घ्यायचे, ती चिठ्ठी माझ्याकडं राहायची. कुणी दिली नाही, कुणी मागितलीही नाही.

ह्यांच्या पत्त्यावर गावाचं नाव नाही, फक्त ‘५६ ए.पी.ओ.’, म्हणजे फौजेचं पोस्ट. गावातल्या जुन्या फौजींनी सांगितलं होतं, ५६ म्हणजे पश्चिमेकडं, ९९ म्हणजे पूर्वेकडं. तेवढ्यावर आम्ही बायका अंदाज बांधायचो. लढाई चालू असताना जे पत्र आलं ते लढाईच्या आधी लिहिलेलं होतं. आत्ती, म्हणजे सासूबाई, ते ऐकून सुखावल्या. मी तारीख मोठ्यानं वाचली नाही. पत्र लिहिलं त्या दिवशी माणूस सुखरूप होता, एवढंच ते पत्र सांगत होतं.

पोस्टमन गल्लीत शिरला की दारादारातलं बोलणं थांबायचं. पत्र असेल तर देव पावला, तार असेल तर संपलं. तशी तार आमच्या मागच्या आळीत आली. जिचा नवरा गेला ती माझ्याच वयाची होती, पाण्याला बरोबर जायचो. मला तिकडं जायचं होतं. आत्तींनी जाऊ दिलं नाही. मुलगा सीमेवर असताना सुनेनं अशा वेळी त्या घरी पाय ठेवू नये, असं त्यांना वाटायचं. माझा तेव्हा फार संताप झाला आणि आजही मला ते चूकच वाटतं. पण त्याच आत्तींनी त्या घरी कडू घास म्हणून भाकरी-पिठलं पाठवलं, आणि भाकऱ्या थापताना त्या रडत होत्या. बांगडी फुटली तरी ‘वाढली’ म्हणायचं, कुंकवाची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, सोमवार धरायचा, शिखर शिंगणापूरच्या महादेवाला नवस. भीती बोलून दाखवायला जागा नव्हती, ती अशी कामाला लागायची.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पश्चिमेकडची लढाई १७ला थांबली. गावात गुलाल उधळला. आमच्या घरी मात्र ह्यांच्या हातचं पत्र आल्यावरच गूळ वाटला, आणि ते आलं जानेवारीत.

लोकांना वाटतं, लढाई थांबली की जवान घरी येतात. तसं नसतं. पश्चिम सीमेवरच्या फौजा मागे घ्यायला १९७२चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात हे एकदाच रजेवर आले. आणि त्याच साली इकडं दुष्काळ. विहीर आटली, बैल विकले, मनीऑर्डरीचे पैसे धान्याला पुरेनात. मग मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तिथं मिळणारी सुकडी धाकट्या दिरासाठी पदरात बांधून आणायची. आमच्या गावच्या टोळीत बऱ्याच बाया फौजींच्याच होत्या. मागच्या आळीतली तीही होती. पेन्शनीची कागदपत्रं अजून फिरत होती आणि तिला पोटाला लागत होतं. मी रोज तिच्या शेजारीच बसून खडी फोडायची. आत्तींच्या कानावर गेलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.