नवा टीम लीड झालोय. लोक 'हो' म्हणतात, पण मनापासून ऐकत नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की काही महिन्यांपूर्वी तुम्हाला टीम लीड केलं. हाताखालची दोन माणसं वयाने आणि नोकरीने तुमच्याहून मोठी आहेत. मीटिंगमध्ये सगळे 'हो' म्हणतात, काम मात्र आपापल्या पद्धतीने करतात, आणि काही बिघडलं की ते तुम्हालाच सगळ्यात शेवटी कळतं. चांगला नेता कसं व्हावं आणि कामाच्या ठिकाणी खरा प्रभाव कसा येतो, हा तुमचा प्रश्न.

मी परिचारिका आहे. आधी ऑपरेशन थिएटरमध्ये होते, नंतर सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज झाले. तुमचं कॉम्प्युटरवरचं काम मला माहीत नाही. पण 'मला सगळ्यात शेवटी कळतं' हे वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, कारण माझ्या मते तुमचा सगळा प्रश्न तेवढ्यातच आहे. लोक तुमचं किती ऐकतात हे नंतर बघा. वाईट बातमी तुमच्याकडे किती लवकर येते, ते आधी बघा. ज्याच्याकडे माणसं आपणहून वाईट बातमी घेऊन येतात, त्याचा शब्द चालतो. ज्याच्यापासून ती लपवली जाते, त्याची नुसती खुर्ची असते.

एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकी संशोधक आहेत. १९९० च्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या वेगवेगळ्या वॉर्डांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या वॉर्डात चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. जिथे प्रमुख सिस्टर चांगल्या आणि टीम एकजुटीची, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्या वॉर्डांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. तुमच्या टीममध्ये सगळं सुरळीत चाललंय असं महिनाभर कानावर आलं, तर मला तुमची जास्त काळजी वाटेल.

बातमी लवकर यावी म्हणून काय करायचं? ती आल्यावर पहिल्या मिनिटात तुमच्या तोंडून काय निघतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. नव्या सिस्टरला सुई टोचली असं समजा, वापरलेली सुई. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध लगेच, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायचं असतं. ७२ तास उलटून गेल्यावर ते सुरू करून उपयोग नसतो. ती मुलगी घाबरलेली असते, तिला रडू येत असतं. अशा वेळी इन्चार्जने 'वापरलेल्या सुईला कॅप परत लावायची नाही हे शिकवलं नव्हतं का?' असं विचारलं, तर ते बरोबरच असतं. पण त्या एका वाक्याने वॉर्डातल्या सगळ्या मुली शिकतात की पुढच्या वेळी सुई टोचली तर हात धुवायचा आणि गप्प बसायचं. म्हणून पहिलं वाक्य एवढंच: 'लगेच सांगितलंस ते बरं केलंस. हात साबणाने वाहत्या पाण्याखाली धू, मी कॅज्युअल्टीत फोन करते.' सुई का टोचली, सुया टाकायचा डबा भरून वाहत होता का, रात्री एकीवर किती पेशंट होते, हे दुसऱ्या दिवशी. ते विचारायचंच, सोडायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी.

चूक माफ करून टाका असं मी म्हणत नाही, हा गैरसमज नको. सांगितलेली चूक आणि लपवलेली चूक यांना वेगळं वागवा. लपवलेल्या चुकीला मी कडक असते आणि ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं.

आता तुमच्या हातात खरोखर काय आहे ते पाहा. वॉर्डाच्या इन्चार्जकडे फार अधिकार नसतात. पगार तिच्या हातात नाही, बढती नाही. तिच्या हातात असते ड्यूटी लिस्ट. पण त्या एका कागदावर माणसांचं आयुष्य चालतं. गौरी-गणपतीत कुणाला घरी जायला मिळणार, लक्ष्मीपूजनाला कोण ड्यूटीवर, मे महिन्यात भावाचं लग्न आहे तिचं काय, केरळच्या मुलींना ओणमला किंवा नाताळला सुट्टी मिळणार का, सलग नाइट कुणाच्या वाट्याला येणार. वॉर्डातली निम्मी भांडणं आणि जवळजवळ सगळे रुसवे त्या लिस्टमधून निघतात. इन्चार्जच्या मर्जीतल्या कोण आणि मर्जीतून उतरलेल्या कोण, हे लिस्ट लागली की पाच मिनिटांत मावशींनासुद्धा कळतं.

मी इन्चार्ज झाले तेव्हा पहिलं काम लिस्टचं केलं. सुट्टीची मागणी रजिस्टरमध्ये लिहायची, तोंडी नाही. गेल्या दिवाळीत जिला घरी राहायला मिळालं, ती या दिवाळीत ड्यूटीवर. सणाच्या दिवसांची पाळी सगळ्यांना दिसेल अशी लावायची आणि त्यात इन्चार्जचंही नाव टाकायचं. अपवाद करावाच लागला तर तो उघड करायचा. एका सिस्टरचा मुलगा दहावीला होता आणि परीक्षेच्या दिवसांत तिला नाइट नको होती. मी ते माझ्या अधिकारात परस्पर केलं नाही. पाळी बदलताना ओव्हर देताघेताना, म्हणजे पेशंटची माहिती एकमेकींना देताना, सगळ्या समोर असतात, तेव्हा विचारलं, आणि दोघींनी आपणहून तिच्या नाइट घेतल्या. मीच ठरवलं असतं तर त्याच दोघी कुरकुरल्या असत्या.

तुमच्याकडेही अशी एखादी लिस्ट असणार. घरून काम कुणाला मिळतं, कंटाळवाणं काम कुणाच्या गळ्यात पडतं, साहेबांना जाणाऱ्या मेलमध्ये कुणाचं नाव असतं, शनिवारी कुणाला बोलावतात. तुमची भाषणं कुणी लक्षात ठेवत नाही, ही लिस्ट मात्र लक्षात ठेवतात. ती उघडी करा आणि नियम सांगा. 'नाही' म्हणायचं तर कारण देऊन म्हणा. लोकांना दरवेळी हवं ते मिळालंच पाहिजे असं नसतं. पद्धत सगळ्यांना एकच आहे, एवढं त्यांना दिसलं पाहिजे.

प्रभावाची खरी परीक्षा मात्र वरच्या दिशेने असते. हाताखालच्यांना हुकूम तरी देता येतो. ज्यांच्यावर तुमचा काहीच अधिकार नाही, त्यांच्यासमोर तुमचा शब्द टिकतो का? ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन सर्वेसर्वा असतात. पण पोट शिवायच्या आधी स्क्रब नर्स (सर्जनच्या हातात हत्यारं देणारी) आणि फ्लोअर नर्स (बाहेरून सामान पुरवणारी) मिळून गॉज, मॉप (पोटात रक्त टिपायची जाड कापडं), सुया, हत्यारं मोठ्याने मोजतात. आकडा सुरुवातीच्या आकड्याशी जुळला नाही तर थांबायचं असतं. जमीन, बादल्या, कापडं शोधायची, तरीही नाही मिळालं तर एक्स-रे काढायचा. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो त्यासाठीच. आता रात्रीचे अकरा वाजलेत, सर सकाळपासून उभे आहेत, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतायत आणि सिस्टर म्हणते, 'सर, एक मॉप कमी आहे.' हे वाक्य म्हणायला काय लागतं ते ज्याने म्हटलंय त्यालाच कळेल.

ते वाक्य मानलं जाण्यामागे आधीची पुष्कळ तयारी असते. त्या सिस्टरची मोजणी रोज नीट असते, सोप्या केसमध्येसुद्धा. ती उगाच कधी थांबवत नाही. ती वाद घालत नाही, आकडा सांगते: सुरुवातीला वीस, आता एकोणीस. आवाज चढलेला नसतो. अशी सिस्टर थांबा म्हणाली की सर्जन कितीही तापट असले तरी हात थांबतो. तिला ते मॅडम म्हणत नसतील, चहाला बोलावत नसतील, पण मोजणी तिची मानतात. मला विचाराल तर हाच खरा प्रभाव.

वर बोलायची एक पद्धतही आहे. ती शिकता येते आणि तुम्हाला उद्यापासून वापरता येईल. रात्री डॉक्टरांना फोन करून 'सर, सात नंबरच्या पेशंटला जरा बरं वाटत नाहीये' असं सांगितलं, तर 'बघतो' असं उत्तर येतं. त्याऐवजी: 'सर, सर्जिकल वॉर्डातून बोलतेय, बेड सात. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. दोन तासांत पल्स नव्वदवरून एकशेवीसवर गेलाय, लघवी कमी झालीये, पोट ताठ लागतंय. आत रक्तस्राव होत असेल अशी मला शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघावं.' काय चाललंय, मागे काय झालंय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. हा साचा अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आला. यातली शेवटची दोन वाक्यं आपल्याकडची माणसं गाळतात, मोठ्यांना 'असं करा' कसं म्हणायचं म्हणून. ती गाळू नका. आणि तुमच्या टीमकडूनही तीच मागा. कुणी अडचण घेऊन आलं की 'तुला काय वाटतं, काय करावं?' हे विचारायची सवय लावून घ्या. पहिले काही दिवस समोरचे गोंधळतात, मग उत्तर तयार करूनच येतात.

न बोलण्याची किंमत किती असू शकते हे विमानवाल्यांना फार महागात कळलं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. डच विमान उड्डाणासाठी धावत असताना त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरच नाही ना. कॅप्टन कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होते. त्यांनी ठामपणे उत्तर दिलं आणि तो प्रश्न तिथेच राहिला. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी ज्येष्ठांना ऐकायचं आणि कनिष्ठांना स्पष्ट बोलायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली.

आमच्या क्षेत्रात तसाच प्रयत्न २००८ मध्ये झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनच्या सुरक्षेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी आणली. त्या कामाचं नेतृत्व सर्जन अतुल गावंडे यांनी केलं, त्यांचे वडील मूळचे विदर्भातले. चीर देण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. वरवर पोरकट वाटतो, पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलंय, तो नंतर अडचण दिसली तर बोलायला कचरत नाही. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ती सक्तीने लागू झाली. १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक पडलेला नव्हता. याच्या कारणांवर तज्ज्ञांचे वाद झाले. मी जे बघत आलेय त्यावरून माझं मत असं की वरून आदेश आला की कागदावर टिक होते, आणि तिथले मोठे लोक स्वतः थांबून ऐकायला लागले की काम बदलतं. म्हणून कुठलीही नवी पद्धत आणाल, तर पहिले काही आठवडे ती तुम्ही स्वतः पाळा, सगळ्यांच्या देखत. नुसता मेल पाठवून ती रुजणार नाही.

तुमच्या टीममधल्या दोन ज्येष्ठांबद्दल. त्यांना जिंकायच्या मागे लागू नका आणि त्यांना टाळूही नका. आमच्याकडे निवृत्तीला आलेल्या एक सिस्टर होत्या, आम्ही त्यांना ताईच म्हणायचो. माझ्याआधी त्या इन्चार्ज व्हायला हव्या होत्या असं वॉर्डात अनेकांना वाटायचं, त्यांनाही वाटत असणार. मी त्यांना एकटीला गाठून सरळ विचारलं: 'ताई, या वॉर्डात कुठली गोष्ट वर्षानुवर्षं चुकीची चाललीये आणि कुणी ऐकत नाही?' त्यांनी औषधांच्या इंडेंटचं, म्हणजे स्टोअरमधून सामान मागवायच्या यादीचं, सांगितलं. शनिवारी दुपारी स्टोअर बंद होतं आणि रविवारी रात्री सलाइनचे सेट शेजारच्या वॉर्डातून मागत फिरावं लागतं. इंडेंटचा वार बदलायला मेट्रनची, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांची, परवानगी लागत होती. ती मी मिळवली आणि ही सूचना ताईंची आहे असं मेट्रनसमोर आणि वॉर्डात दोन्हीकडे सांगितलं. त्यानंतर आमची घट्ट मैत्री झाली असं नाही, पण नव्या मुलींना त्या सांगायला लागल्या, 'अडलं तर इन्चार्जना विचार.' माझ्या तोंडून ते शंभरदा आलं असतं तरी तेवढा उपयोग झाला नसता. तुमच्या दोघांनाही प्रत्येकी एकटं भेटून हाच प्रश्न विचारा. उत्तर आलं तर ते काम करा, तुमच्या बाकीच्या योजना बाजूला ठेवून. आणि श्रेय त्यांच्या नावावर लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीये, पण सांगते. तुमच्या वरच्या साहेबांना वाईट बातमी खपत नसेल तर हे सगळं अर्धंच चालेल. लोक तुम्हाला खरं सांगतील आणि ते वर गेलं की त्यांच्यावरच शेकेल. असं एकदा झालं तरी तुमच्याकडे येणारी वाट बंद होते. म्हणून वर सांगताना माणसाचं नाव काढून घ्या: 'आमच्याकडे असं झालं, मी हे केलं, आता हे हवंय.' बोलणी तुम्ही खा आणि खाली येऊन ती वाटत बसू नका. जे सांगितलं ते तारखेसह लिहून ठेवा. वर्षभर प्रामाणिकपणे हे करूनही साहेब बदलले नाहीत, तर बदली किंवा दुसरी नोकरी शोधणं योग्य आहे. चांगल्या इन्चार्ज सिस्टर अशा कारणाने रुग्णालय सोडून गेलेल्या मी पाहिल्यात, आणि नव्या जागी त्यांचा शब्द पुन्हा उभा राहिलेलाही पाहिलाय.