‘अडलेला’, ‘अडवलेला’ की ‘अडवेल’?

जळगावहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजची काही मुलं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळतात. नव्यांसाठी त्यांनी नियमांचा एक मराठी कागद तयार केला. त्यातली एक ओळ : ‘अडवेल क्रिएचर समोरच्याला मार देत नाही.’ (क्रिएचर म्हणजे लढायला पाठवायचं कार्ड.) नाशिकच्या मित्राला ही ओळ कळलीच नाही. गटातला दुसरा म्हणतो, अडवणारा मेला की क्रिएचर अडलेला राहतो कुठे? मग मार समोरच्याला बसायला हवा. तर ‘अडलेला’ बरोबर की ‘अडवलेला’? आणि काही क्रिएचरांना असणाऱ्या ‘ट्रॅम्पल’ या खास गुणाला मराठीत काय म्हणायचं?

क्रिएचर पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हा वाद तुम्ही घातलेला नाही, त्यामुळे तुमचंच पुल्लिंग पुढे चालवतो.

आधी नाशिककराची अडचण. ‘अडवेल’ हे तुमच्याकडचं रूप आहे आणि तुमच्याकडे ते शुद्धच आहे. अहिराणीत ‘करेल शे’, ‘लिखेल शे’, ‘पडेल शे’ म्हणजे केलेलं आहे, लिहिलेलं आहे, पडलेलं आहे. खानदेशातला माणूस प्रमाण मराठी बोलायला लागला की ‘शे’ची जागा ‘आहे’ घेतो, पण ‘-एल’ तसाच राहतो. ‘मी जेवण करेल आहे’, ‘घड कालच कापेल आहेत’, ‘तिकीट काढेल आहे’. जळगावच्या स्टँडवर कोणी ‘धुळ्याची गाडी लागेल आहे’ म्हणालं की स्थानिक माणूस पिशवी उचलून चालू लागतो. पुण्याचा माणूस ‘लागेल? किती वाजता?’ असं विचारतो. त्याच्या कानाला ‘लागेल’ हा भविष्यकाळ.

बोलताना मागे ‘आहे’ असतो म्हणून निभावतं. तुमच्या कागदावर ‘अडवेल’ हे नामाच्या आधी विशेषण म्हणून बसलंय, तिथे आधाराला ‘आहे’ नाही. शिवाय या खेळात ‘आता अडवणार’ आणि ‘आधीच अडवला’ यांच्यामध्ये अख्खा डाव फिरतो. त्यात हल्ली ‘मी करेन’च्या जागी ‘मी करेल’ सर्रास झालंय. म्हणजे टेबलावर कोणी ‘मी अडवेल’ म्हणाला, तर तो इरादा सांगतोय की झालेली गोष्ट, हे त्याचा तालुका विचारल्याशिवाय कळायचं नाही. आपसात खेळताना ‘अडवेल आहे’ बिनधास्त म्हणा. बाहेरचा वाचणार असेल तर कागदावर ‘अडवलेला’ लिहा. खानदेशी रूप हलकं आहे म्हणून नव्हे, वाचणाऱ्याला ते उलटं लागतं म्हणून.

आता खरा वाद. तो भाषेचा जेवढा, तेवढाच नियमाचा आहे, म्हणून डाव समोर मांडू. तुमचा क्रिएचर चार ताकदीचा, चार टिकावाचा, म्हणजे चार मार देणारा आणि चार मार खाल्ला की मरणारा. तुम्ही त्याला हल्ल्यावर पाठवता. हल्ला समोरच्या खेळाडूवर असतो, त्याच्या क्रिएचरवर नाही, हे नव्यांना दोनदा सांगावं लागतं. समोरचा आपला एक-एकचा बारका क्रिएचर मध्ये घालतो. ब्लॉकर, म्हणजे अडवणारे, जाहीर झाले. आता तुम्ही ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकता. एका लाल मॅनात (मॅना म्हणजे कार्ड टाकायला मोजावी लागणारी जादूची शक्ती) तीन डॅमेज, म्हणजे तीन मार, १९९३च्या पहिल्या संचापासूनचं कार्ड. बारका मेला. मैदान मोकळं. आणि तुमच्या गटातला तो दुसरा मित्र म्हणतो, चला, समोरच्या खेळाडूचे चार लाइफ कमी करा.

नाही करायचे. नियम असं सांगतो की ब्लॉकर जाहीर झाले त्या क्षणी तुमचा क्रिएचर ‘ब्लॉक झालेला’ ठरला आणि ती लढाई संपेपर्यंत तो तसाच राहतो. पुढे ब्लॉकर मेला, हातात परत गेला, मालकाने स्वतःच त्याचा बळी दिला, काहीही झालं तरी. अडवणारा उरलेला नाही म्हणून तुमच्या क्रिएचरने मारायचं कुणाला? कुणालाच नाही. चार ताकद फुकट गेली आणि बोल्टही गेला. तोच बोल्ट ब्लॉकर जाहीर व्हायच्या आधी बारक्यावर टाकला असता, तर आडवं यायला कोणी उरलंच नसतं आणि चार लाइफ गेले असते. वीस लाइफच्या खेळात चार म्हणजे पाचवा हिस्सा.

तुमच्या मित्राची चूक ‘अडणे’ या क्रियापदातून आली असावी असा माझा अंदाज आहे. मराठीत अडणे ही अवस्था आहे. ‘काम अडलंय’, ‘बाळंतीण अडली’, ‘माझं काही अडत नाही तुझ्यावाचून’. अडथळा सरला की अडणं सरतं. अडला हरी गाढवाचे पाय धरतो तोही गरज आहे तोवरच. काम झालं की तो मोकळा आणि गाढवही मोकळं. बसलेला माणूस उठला की बसलेला राहत नाही, तसा अडलेला क्रिएचर वाट मोकळी झाली की अडलेला राहत नाही. मित्र मराठी म्हणून चुकीचं बोलत नाहीये. त्याने क्रियापद चुकीचं उचललंय.

‘अडवणे’ हे प्रयोजक. त्यात कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, आणि केलेली गोष्ट करणारा निघून गेला तरी झालेलीच राहते. पत्र लिहिणारा गावाला गेला तरी पत्र लिहिलेलं असतं. म्हणून ‘अडवलेला’ हाच शब्द नियमाच्या जवळचा. पण एक धोंड इथेही आहे. ‘बांधलेली म्हैस’ सोडली की बांधलेली राहत नाही, आणि नाक्यावर अडवलेला ट्रक पावती फाडून पुढे जातो. म्हणजे ‘-लेला’ हा प्रत्यय एकटा हमी देत नाही. कोणी वाद घालणारा भेटलाच, तर ‘अडवलेला’तूनही तो पळवाट काढेल. हा ‘काढेल’ भविष्यकाळी.

पळवाट बुजवायला मराठीत एक पक्की रचना आहे. दिला तो दिला. गेला तो गेला. बोललो ते बोललो. क्रियापद दोनदा आलं की गोष्ट कायमची झाली, आता माघार नाही. तुमच्या कागदावर मी असं लिहीन : ‘एकदा अडवला तो अडवला. पुढे अडवणारा उरला नाही, तरी या लढाईत समोरच्याला मार नाही.’ नियमांच्या जाड्या पुस्तकात जे दोन-तीन कलमांत येतं, ते ‘अडवला तो अडवला’मध्ये बसतं, आणि ऐकणारा प्रतिप्रश्न करत नाही.

डबल स्ट्राइकचा घोळही यातच सुटतो. असा क्रिएचर दोनदा मारतो, एकदा आधी आणि एकदा सगळ्यांबरोबर. पहिल्या माराला ब्लॉकर मेला, तर दुसरा मार समोरच्या खेळाडूला बसेल असं वाटतं. नाही बसत. अडवला तो अडवला.

जाता जाता ‘आडवा’. ब्लॉक करण्याला मुलं ‘आडवा घातला’, ‘आडवा आला’ म्हणतात. मांजर आडवं जातं त्या हिशोबाने हे फारच चपखल. पण याच खेळात टॅप करणं म्हणजे कार्ड आडवं करणं, आणि आडवा केलेला क्रिएचर ब्लॉक करू शकत नाही! हल्ल्याला जाणारा टॅप होतो, म्हणून समोरच्याच्या पाळीला तो अडवायला उभा नसतो. व्हिजिलन्स, म्हणजे हल्ला करूनही टॅप न होण्याचा गुण, असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ‘आडवा असलेला आडवा येत नाही’ असं वाक्य कागदावर लिहून नव्या पोराला गरगरवायचं असेल तर खुशाल लिहा. मी टॅपसाठी ‘टॅप’च ठेवीन.

माझं एकूण मत असंच आहे : नामं इंग्रजी राहिली तरी बिघडत नाही. क्रिएचर, मॅना, फ्लाइंग, डेथटच यांना संस्कृत जोडशब्दांचे अंगरखे शिवत बसू नये. मुलं ते घालणार नाहीत. भांडणं होतात ती क्रियापदांवरून, आणि क्रियापद आपण मराठीच वापरतो. आणखी एक जोडी बघा, मरणे आणि मारणे. ‘इन्डिस्ट्रक्टिबल’ क्रिएचरला ‘हा मरत नाही’ असं समजावतात, तिथेच फसगत. त्याला मारता येत नाही, एवढंच. कितीही डॅमेज द्या, ‘नष्ट करा’ म्हणणारं कार्ड टाका, तो उभा. पण मालकाने बळी दिला किंवा टिकाव शून्यावर आला, तर तो मैदानातून कबरीत जातो, आणि या खेळात मैदानातून कबरीत जाणं म्हणजेच मरणं. ‘मारता येत नाही, पण मरतो’ हे बोलायला विचित्र वाटेल, नियमाला मात्र बरोबर.

‘शकतो’बद्दल एकच ओळ. कार्डावर ऐच्छिक गोष्ट असेल तिथे ‘घेऊ शकतो’ऐवजी ‘हवं तर घे’ लिहा. ‘शकतो’त परवानगीही येते आणि कुवतही, आणि दोन्ही धरून भांडता येतं.

राहिला ट्रॅम्पल. शब्दशः ‘तुडवणे’, आणि चित्र म्हणून ते वाईट नाही. पण तुडवण्यात पायाखाली काय गेलं तेवढंच कळतं, पुढे काय झालं ते कळत नाही. ट्रॅम्पलचा सगळा जीव पुढच्या भागात आहे. अडवणाऱ्याला मरण्यापुरता मार द्यायचा आणि जादा राहील तो समोरच्या खेळाडूला. याला मराठीत तयार वाक्प्रचार आहे : पुरून उरणे. ‘ती एकटी दहा जणांना पुरून उरली’ म्हणतो तेव्हा लढाईचाच भाव असतो, आणि इथे तर शब्दाचा हिशोबही जुळतो. पाच ताकदीचा ट्रॅम्पलवाला, समोर दोन टिकावाचा ब्लॉकर : दोन पुरले, तीन उरले, तीन लाइफ गेले. सोबत डेथटच असेल तर एकच पुरतो, कारण डेथटचवाल्याचा एक डॅमेजही मरणाला पुरेसा धरतात. मग उरतात चार. आणि वरच्या भांडणातला बोल्ट इथे टाकला, ब्लॉकर आधीच मेला, तर पुरवायचं कोणाला? कोणालाच नाही, म्हणजे पाचही उरले आणि पाचही समोरच्याला. क्रिएचर इथेही अडवलेलाच आहे बरं का, फक्त तो पुरून उरणारा आहे. कागदावर नाव ‘ट्रॅम्पल’ ठेवा आणि पुढे कंस न करता सरळ लिहा : ‘अडवणाऱ्याला पुरून उरेल तेवढा मार समोरच्याला.’ नाशिकच्या मित्राला हा ‘उरेल’ भविष्यकाळी वाटेल, आणि या एका ठिकाणी तो बरोबर असेल.